मातीचे पाय : एका परकीय वाक्प्रचाराची कुळकथा

हैदराबादेतील अंबरपेठ ही वस्ती मुसी नदीच्या उत्तरेस असून काचीगुड्याच्या रेल्वे स्थानकापासून ती फार दूर नाही. काचीगुड्याचे ते देखणे स्थानक १९१६ साली उभे राहिले. परभणी, नांदेड, औरंगाबाद या बाजूंनी येणाऱ्या मराठी माणसाचे राजधानीतील पहिले पाऊल पुष्कळदा तेथेच पडे. कोणी वकिलीसाठी येई, कोणी नोकरीसाठी, कोणी उस्मानिया विद्यापीठात शिकण्यासाठी. आणि काही घरे येथेच स्थिरावली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाच्या भूमीची वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, परंतु ही घरे जागची हलली नाहीत. अशाच काही घरांनी चालविलेल्या एका लहानशा देवळात आम्हांस जो एक प्रश्न विचारण्यात आला, त्याचे उत्तर शोधता शोधता हा लेख तयार झाला आहे.

प्रसंग साधा होता. देवळाची स्मरणिका निघावयाची होती व मजकूर तपासण्याचे काम आमच्याकडे आले होते. देवळाच्या संस्थापकांवरील लेख एका तरुण प्राध्यापकाने लिहिला होता. संस्थापकांनी पदरमोड करून जागा मिळविली, रझाकारांच्या दिवसांत देवाची पूजा एक दिवसही चुकू दिली नाही, हे सारे त्याने मनापासून लिहिले होते. आणि शेवटी एक वाक्य घातले होते की, ते थोर होते खरे, परंतु त्यांचेही पाय मातीचेच होते. वाचन चालू असताना संस्थापकांच्या सूनबाई समोर बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. सारे त्यांना काकू म्हणतात. त्यांनी हात वर करून विचारले, "पाय मातीचे म्हणजे काय रे? आमच्या मामंजींचे पाय चांगले दणकट होते. सत्तराव्या वर्षी काचीगुड्याहून चालत येत." मंडळी हसली. प्राध्यापकाने नम्रपणे खुलासा केला की, हा इंग्रजीतला वाक्प्रचार आहे. मोठ्या माणसात एखादे गंभीर वैगुण्य असले म्हणजे असे म्हणतात. काकूंचे समाधान झाले नाही. त्या म्हणाल्या, "माती ती भाजलेली का कच्ची? आणि वैगुण्य कोणते, ते का नाही लिहिलेस?"

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्या दिवशी आमच्यापाशी नव्हते.

वाक्प्रचाराचे मूळ ज्यू लोकांच्या धर्मग्रंथात आहे. ख्रिस्ती लोक ज्यास जुना करार म्हणतात त्यातील दानीएलाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर यास पडलेल्या स्वप्नाची कथा आहे. हा राजा ऐतिहासिक असून इसवी सनापूर्वी ६०५ ते ५६२ असा त्याचा राज्यकाल होता; जेरुसलेमचे देवालय त्यानेच उद्ध्वस्त केले. ग्रंथ मात्र पुष्कळ नंतरचा, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राजाने आपल्या पंडितांस विचित्र आज्ञा केली : स्वप्नाचा अर्थ तर सांगाच, पण स्वप्न काय पडले तेही तुम्हीच सांगा! कोणासही ते जमेना. तेव्हा बंदिवासातील दानीएल या ज्यू तरुणाने दोन्ही सांगितले. राजाने स्वप्नात एक प्रचंड पुतळा पाहिला होता. त्याचे मस्तक सोन्याचे, छाती व बाहू रुप्याचे, पोट व मांड्या काशाच्या, तंगड्या लोखंडाच्या आणि पावले अर्धी लोखंडाची, अर्धी मातीची होती. मनुष्याचा हात न लागता सुटलेला एक धोंडा येऊन त्या पावलांवर आदळला आणि सोन्याच्या मस्तकासकट सगळ्याचा भुगा झाला.

आता येथे वाचकांनी थोडे थांबून पाहावे. दानीएलाने दिलेल्या अर्थात कोणा थोर पुरुषाच्या स्वभावातील दोषाचा उल्लेखही नाही. मस्तक, छाती, मांड्या ही एकामागून एक येणारी राज्ये होत. आणि पावलांचा दोष माती असण्यात नसून लोखंड व माती एकमेकांस धरून राहत नाहीत यात आहे. दोष सांध्याचा आहे. दुसरे असे की, मूळ अरामी भाषेत जो शब्द आहे त्यास कुंभाराच्या कामाचा वास आहे, आणि इंग्रजीतील काही आधुनिक भाषांतरांत तेथे भाजलेली माती असाच अर्थ घेतलेला आढळतो. म्हणजे काकूंची शंका पंडितांनाही आलेली होती!

सांध्याचा दोष माणसाच्या चारित्र्याकडे कसा वळला? इंग्रजी वाङ्मयात या वळणाचे एक ठळक ठिकाण म्हणजे बायरन कवीचे नेपोलियनवरील स्तोत्र. १८१४ सालच्या एप्रिलात नेपोलियनने राजत्याग केला आणि काही दिवसांतच बायरनने ते लिहून प्रसिद्ध केले. ज्याची ऐट एकेकाळी बायरनलाही मोहवीत होती तो वीर असा मुकाट्याने शरण जातो, याचा संताप त्या कवितेत भरला आहे. आणि तलवारीच्या बळावर पूजा घेणाऱ्यांची कपाळे पितळेची व पाय मातीचे असतात, अशा आशयाचा उद्गार तीत आहे. आम्हांस त्याहून लक्षणीय वाटला तो त्याच ठिकाणी आलेला दुसरा एक शब्द. या खोट्या देवांस बायरन 'पॅगॉड' म्हणतो. हा शब्द बाबिलोनचा नव्हे, तो आमच्या दारातला आहे. पोर्तुगीज लोक आमच्या देवळास, देवळातील मूर्तीस आणि दक्षिणेत चालणाऱ्या सोन्याच्या होनासही 'पागोद' म्हणत. त्यावरून इंग्रजांचा पॅगॉड व पॅगोडा. मुळाशी भगवती आहे की फारसीतील बुतकदा, यावर विद्वानांचे एकमत नाही. परंतु गोमंतकातील वाचकांस तो शब्द कोणत्या कागदपत्रांतून भेटतो हे सांगावयास नको. १५४० साली तिसवाडीतील आणि १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली तेव्हा पोर्तुगीजांच्या दप्तरात त्या देवळांना हेच नाव होते. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली, ती या 'पागोदां'तून निघून नदीपार. ज्या शब्दाने आमच्या देवांची मोडतोड नोंदविली तोच शब्द अडीचशे वर्षांनी लंडनमध्ये, पाय मातीचे असलेल्या खोट्या देवास लावला गेला. बायरनच्या मनात गोमंतक असण्याचे कारण नाही, हे खरे. पण शब्द आपल्याबरोबर काय काय वाहून नेतात ते वापरणारास ठाऊक असतेच असे नाही.

जुन्या करारातील कथा मराठीत आल्या त्या काही इंग्रजी राज्याबरोबर आल्या नाहीत. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि साष्टीत राहून त्याने मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले. १६१६ साली ते रायतूर येथे छापले गेले. त्याचा पहिला भाग जुन्या करारातील कथांचाच आहे. कोंकणी भाषेचे त्याने लिहिलेले व्याकरण त्याच्या मागून १६४० साली प्रसिद्ध झाले. तात्पर्य, बाबिलोनच्या कथेस मराठीत व कोंकणीत येण्याची वाट तीनशे वर्षे मोकळी होती. तरीही 'मातीचे पाय' हा प्रयोग त्या वाटेने आला असे आम्हांस वाटत नाही. तो आला इंग्रजी शाळांतून, इंग्रजी चरित्रग्रंथांतून व वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांतून. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमाला सुरू केली ती इंग्रजी वळणाच्या मराठीवर कोरडे ओढीतच. पुढे सावरकर व माधव जूलियन यांनी भाषाशुद्धीचा ध्वज उभारला. परंतु शुद्धीच्या या मोहिमांत सापडला तो मुख्यतः परका शब्द. टोपी घालून आलेला पाहुणा वेशीवर ओळखू येतो. पागोटे बांधून आलेला सरळ माजघरापर्यंत जातो. 'माती' आपली, 'पाय' आपले, षष्ठीचा प्रत्ययही आपला. कोणास संशय येणार?

हैदराबादेस तर एक निराळीच गोष्ट घडली. येथे १९१७ साली भाषांतरासाठी दारुल्-तर्जुमा ही संस्था निघाली आणि १९१८ सालच्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून सुरू झाले. अंबरपेठेच्या शेजारीच ते विद्यापीठ उभे आहे. तेथे शिकलेल्या मराठवाड्यातील मुलाने इतिहास उर्दूत वाचला, घरी मराठीत सांगितला आणि वर्तमानपत्र इंग्रजीत पाहिले. तीन भाषांच्या चाळणीतून वाक्प्रचार खाली येतो तेव्हा तो कोणाचा, हे सांगणे कठीण होऊन बसते.

मराठीत आल्यावर त्याचा अर्थही सौम्य झाला. आज आपण 'पाय मातीचे' म्हणतो तेव्हा बहुधा एवढेच सुचवितो की, शेवटी तोही माणूसच. म्हणजे दानीएलाचा सांधा गेला, बायरनचा संताप गेला आणि उरली एक सुस्कारा टाकून केलेली क्षमा. गंमत अशी की दानीएलाच्या मूळ अर्थास अगदी जवळची अशी एक अस्सल मराठी म्हण आपल्याकडे आहेच. लावलेली माती अंगास धरून राहत नाही, वाळली की गळून पडते, असा तिचा आशय आहे. ती ज्या अवयवासंबंधी आहे तो येथे छापण्याजोगा नाही. परंतु खेड्यातला कोणताही म्हातारा ती वाचकांस निःसंकोचपणे सांगेल.

आमच्या पुराणेतिहासात अशी प्रतिमा नाही काय? आहे, आणि नबुखद्नेस्सराच्या पुतळ्याहून ती आम्हांस अधिक देखणी वाटते. महाभारताच्या वनपर्वात घोषयात्रेचे आख्यान आहे. गंधर्वांनी बांधून नेलेल्या दुर्योधनास पांडवांनीच सोडविले. त्या उपकाराच्या लाजेने तो प्रायोपवेशनास बसला. तेव्हा पाताळातील दानवांनी त्यास कृत्येकरवी बोलावून आणले आणि धीर दिला : तुझ्या देहाचा वरचा अर्धा भाग महेश्वराने वज्रांचा घडविला आहे, त्यास शस्त्र भेदू शकत नाही, खालचा अर्धा देवीने फुलांचा केला आहे. वर वज्र, खाली फुले! पुढे गदायुद्धात भीमाची गदा जेथे बसली ते ठिकाण आपणां सर्वांस ठाऊक आहे. गांधारीने डोळ्यांवरील पट्टी सोडली ही लोकांत रूढ असलेली कथा व्यासांची नव्हे. वनपर्वातील ही वज्र-पुष्पांची कथा मात्र ग्रंथात आहे, आणि कीर्तनकार ती क्वचितच सांगतात याचे आम्हांस नवल वाटते.

तथापि येथेही एक भेद पाहण्यासारखा आहे. दुर्योधनाची मांडी हे त्याचे मर्म आहे. तो त्याचा दोष नव्हे. दोष सांगावयाचा असतो तेव्हा व्यास मांडीकडे बोट दाखवीत नाहीत. विदुराच्या तोंडून ते लोभ म्हणतात, मत्सर म्हणतात, वडीलधाऱ्यांचे न ऐकणे म्हणतात. मर्म निराळे आणि पाप निराळे. श्रीकृष्णाचेही एक मर्म होते. दुर्वासांनी दिलेले उष्टे पायस त्याने सर्वांगास लावले, पण तळपायास लावले नाही. हे अनुशासनपर्वात आहे. आणि मौसलपर्वात जरा नामक व्याधाचा बाण त्याच तळपायास लागला. ग्रीकांच्या अकिलीस वीराची टाच आपल्याकडे अलीकडे फार मिरविते. तिच्याशी ताडून पाहण्याजोगी ही कथा आहे. परंतु भगवंताच्या तळव्यास बाण लागला म्हणून त्याच्यात वैगुण्य होते, असे कोणी म्हणत नाही. ते चरणच आपण पूजितो.

याहून मोठी अडचण मातीची आहे. इंग्रजी वाक्प्रचारात माती ही हीन वस्तू आहे. सोने वर, माती खाली. मूर्तिपूजक समाजाच्या तोंडी हे तोलणे विसंगत दिसते. वराहमिहिराने बृहत्संहितेत कोणत्या द्रव्याच्या प्रतिमेने काय फळ मिळते ते सांगितले आहे. सोन्याने पुष्टी, रुप्याने कीर्ती, तांब्याने संतती. आणि लाकूड व माती यांच्या प्रतिमेने आयुष्य, लक्ष्मी, बल व जय. मातीच्या वाट्यास आलेले फळ सोन्याहून उणे नाही. भागवताच्या एकादश स्कंधात प्रतिमांचे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यांत लेपाची आहे, वाळूची आहे आणि नुसती मनात कल्पिलेलीही आहे. द्रव्यावरून देव उणा होत नाही.

मग मूर्तीचे दोष शास्त्रकारांस माहीत नव्हते काय? चांगले माहीत होते. त्याच बृहत्संहितेत ते एकेक करून दिले आहेत. अवयव वाजवीपेक्षा मोठा झाला तर राजभय, उणा राहिला तर करविणारास आजार, पोट खपाटीस गेलेले असेल तर दुष्काळाचे भय, अंग कृश असेल तर धननाश. फळांवर कोणी विश्वास ठेवो वा न ठेवो, पद्धत पाहण्यासारखी आहे. दोष कोठे आहे, कसला आहे आणि त्याने कोणाचे काय नुकसान होते, या तिन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय शिल्पकाराची सुटका नाही. 'मूर्ती सदोष आहे' एवढे म्हणून जो स्थपती गप्प बसेल त्यास कोणी दक्षिणा देणार नाही.

हैदराबादेतच पाहावे. खैरताबादेचा गणपती १९५४ साली एक फूट उंचीचा बसला, आणि पुढे वाढत वाढत शहराच्या आकाशास टेकू लागला. मध्यंतरीची कित्येक वर्षे तो प्लास्टरचा होत असे. हुसेनसागरातील पाण्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आणि २०२२ साली तेथे प्रथमच पन्नास फुटी मूर्ती मातीची झाली. मस्तकापासून पावलांपर्यंत माती. आणि सारे शहर त्याबद्दल धन्यता मानीत होते! पाण्यात विरघळणे हा त्या मूर्तीचा गुण आहे, किंबहुना त्यासाठीच ती मातीची केली. अशा शहरात मातीच्या पायांची निंदा कोणी कोणत्या तोंडाने करावी?

एकलव्याची कथा तर या वाक्प्रचारास उलटेच करून टाकते. द्रोणांनी नाकारल्यावर त्याने त्यांच्या चरणांवर मस्तक ठेवले, अरण्यात गेला आणि मातीचे द्रोण घडविले. मातीच्या गुरूने त्यास धनुर्विद्या दिली. हाडामांसाच्या गुरूने अंगठा मागितला. यांपैकी कोणाचे पाय मातीचे?

परंतु काकूंच्या पहिल्या प्रश्नास खरे उत्तर मिळते ते संतकथेत, आणि तेही जुन्या हैदराबाद राज्याच्याच मराठी मुलखात. तेर हे गोरोबा कुंभारांचे गाव, आज धाराशिव जिल्ह्यात आहे. एकदा संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी गोरोबांच्या हातातील थापटण्याकडे पाहून विचारले, काका, हे काय? गोरोबा म्हणाले, मडके पक्के की कच्चे ते याने कळते. मुक्ताबाई म्हणाल्या, मग ही मडकी तपासा पाहू. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत फेरी घातली. सगळे निमूट बसले. नामदेव मात्र रागावले. मी पंढरीनाथाचा लाडका, मला थापटणे? गोरोबांनी निर्णय दिला की एवढे मडके कच्चे आहे. सातशे वर्षे ही गोष्ट घरोघर सांगितली जात आहे. महिपतीने भक्तविजयात संतांच्या कथा गुंफल्या तो १७६२ चा सुमार.

ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, परंतु तिचा धीटपणा आमच्या ध्यानात आला तो या प्रसंगानंतर. नामदेव काही सामान्य पुरुष नव्हेत. त्यांची पदे पुढे शिखांच्या ग्रंथसाहिबात गेली, इतका त्यांचा अधिकार. त्यांचे वैगुण्य एका कुंभाराने, भर सभेत, त्यांच्या तोंडावर सांगितले. आणि वारकरी परंपरेने ते लपविले नाही, उलट आवडीने जपले. 'शेवटी तेही माणूसच' असे म्हणून कोणी विषय मिटविला नाही. कारण कच्चे मडके आणि मातीचे पाय यांत मोठे अंतर आहे. पुतळ्याचे पाय जसे आहेत तसेच राहणार. धोंडा यावयाचा तेवढा अवकाश. कच्चे मडके भाजता येते. नामदेव रुसून पंढरीस गेले, देवानेही गोरोबांचाच निवाडा मान्य केला, आणि त्यांस विसोबा खेचरांकडे धाडले. परंपरा सांगते की औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजले होते. नामदेवांस ते सहन होईना. विसोबा म्हणाले, बाबा रे, मी म्हातारा झालो, जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव ज्या ज्या ठिकाणी ते पाय ठेवीत तेथे तेथे लिंग दिसे. येथेही पायच आहेत, वाचकहो! देवाच्या मस्तकावर ठेवलेले म्हाताऱ्याचे धुळीने माखलेले पाय. आणि भट्टीत मडके भाजून निघाले ते त्या पायांपाशी.

म्हणून काकूंनी भाजलेली का कच्ची असे विचारले, त्यात त्यांनी नकळत तेर आणि औंढा या दोन्ही गावांस साक्षीस बोलावले, असे आम्हांस वाटते. त्यांचे माहेर परभणीकडचे. औंढा तेथून जवळच.

एक कबुली येथेच देऊन टाकतो. हा वाक्प्रचार आम्ही स्वतःही वापरला आहे. निजामी राज्याच्या अंतावर लिहिताना आम्ही त्यास मातीच्या पायांचा पुतळा म्हटले होते. सोन्याचे मस्तक होतेच : १९३७ साली अमेरिकेतील टाइम साप्ताहिकाने मीर उस्मान अलीखान यांचे चित्र जगातील सर्वांत श्रीमंत पुरुष म्हणून मुखपृष्ठावर छापले. लोखंडही होते. आणि १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत सगळे कोसळले. दानीएलाच्या मूळ अर्थाने ते वर्णन चुकीचे नव्हते. राज्यकर्त्यांची भाषा एक आणि तेलुगू, मराठी, कानडी प्रजेच्या भाषा निराळ्या, तो सांधा कधी जुळलाच नाही. १९३८ साली वंदे मातरम् म्हटल्याबद्दल उस्मानियाच्या विद्यार्थ्यांस विद्यापीठ सोडावे लागले, तेव्हाच तो उकललेला दिसत होता. पण ते वाक्य लिहून आम्ही सुटलो, ही गोष्ट आज खटकते. पुतळा पडला म्हणून टाळी वाजविली की पडताना तो कोणाच्या अंगावर पडला हे पाहावयाचे राहून जाते. त्या दिवसांनंतर मराठवाड्यातील व इतर जिल्ह्यांतील निरपराध मुसलमान वस्त्यांवर जे बेतले त्याची चौकशी करण्यास भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठविली होती. तिचा वृत्तान्त दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. विजयी पक्षाचे ते वैगुण्य होते, आणि आमच्या लेखात त्यावर एक ओळही नव्हती. वाक्प्रचार इतका ऐसपैस होता की त्याच्या आड सगळेच मावले.

असो. देवळातील त्या बैठकीकडे परत यावयास हवे, कारण काकूंचा दुसरा प्रश्न शिल्लक आहे.

वैगुण्य कोणते, हे तेथे बसलेल्या प्रत्येकास माहीत होते. देवळात गणेशोत्सव होई तेव्हा श्रींची मूर्ती दरवर्षी एकाच कुंभाराच्या घरून येत असे. त्या घरची माणसे मूर्ती डोक्यावर घेऊन येत आणि संस्थापक त्यांस सभामंडपाच्या पायरीवरच थांबवीत. मूर्ती आत जाई, घडविणारा बाहेर राही. प्रसाद त्यांना पायरीवर मिळे. संस्थापक वारल्यावर हळूहळू ते बंद झाले. बंद झाले यासाठी कोणी ठराव केला नाही आणि चालू होते याची कोठे नोंदही नव्हती. प्राध्यापकाच्या मनात हेच होते. त्याने ते सभ्यपणे मातीच्या पायांत गुंडाळले होते. त्यात उपरोध किती होता हे त्याच्याही लक्षात आले नसावे. कारण माती तर त्या कुंभाराच्या हातची होती.

काकू म्हणाल्या की आपण सून म्हणून या घरात आलो तेव्हापासून ते पाहत होतो. मामंजींस एकदा बोललोही होतो, आणि त्यांनी आठ दिवस अबोला धरला होता. "लिहावयाचे तर ते लिहा. त्यांचे पाय कशाला मधे आणता? त्यांच्या पायांना मी रोज नमस्कार करीत होते."

यावर वाद झाला, आणि तो थोडा नव्हता. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले की स्मरणिका ही गौरवासाठी असते, न्यायालयासाठी नव्हे; गेलेल्या माणसास आता उत्तर देता येत नाही. या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्हांस वाटत नाही. दुसरे म्हणाले की मग जुनेच वाक्य असू द्या, ज्यास कळावयाचे त्यास कळेल. हा तोडगा बहुतेकांस पसंत पडत चालला होता, आणि आमच्या मते सर्वांत वाईट तोच होता. ज्या कुंभाराच्या घरास ते कळावे अशी अपेक्षा, त्या घरास इंग्रजी वाक्प्रचाराची खूण पटण्याचे काय कारण? आणि ज्यांस कळले त्यांनी स्वस्थ बसावे, एवढीच त्या वाक्याची सोय होती. आपण पूजेच्या शेवटी मंत्रात, क्रियेत, भक्तीत जे उणे राहिले त्याची क्षमा मागतो. तेथेसुद्धा उणे कशात राहिले ते उच्चारून मागतो.

प्राध्यापकाने आपले वाक्य स्वतःच खोडले. त्याच्या जागी त्याने लिहिले की, संस्थापकांनी आपल्या हयातीत मूर्ती घडविणाऱ्या कुंभार कुटुंबास सभामंडपात येऊ दिले नाही. ही त्यांची चूक होती, आणि ती त्यांच्या घरातूनच त्यांस सांगण्यात आली होती. शेवटचा तुकडा घालावयास काकूंची परवानगी लागली. त्यांनी ती थोडा विचार करून दिली.

स्मरणिका छापून आली तेव्हा दोन घरांनी आपली प्रत नेली नाही. कुंभाराच्या घरी प्रत द्यावयास आम्ही स्वतः गेलो होतो. घरातील वृद्ध गृहस्थांस मराठी वाचता येत नाही. त्यांच्या नातवाने ते वाक्य तेलुगूत सांगितले. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगावयास लावले, आणि मग आमच्यासाठी चहा मागविला.